वगळलेल्यांचं पान

माझ्या आत्याला रोज सकाळी अकरा वीसला एक मेलेला माणूस फोन करायचा. हे मी असं सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरात ते आठ महिने सरळच होतं. फोन वाजायचा नाही. आत्या हातातलं काम थांबवायची, मान थोडी तिरकी करायची आणि हळू आवाजात म्हणायची, "थांबा, बघते." मग बोटानं समोर काहीतरी मोजायची. सुट्टीच्या दिवशी घरी असली तर ओट्यामागच्या फरश्या मोजायची. सात, आठ, दहा. पुन्हा सात, आठ, दहा. मिनिटभरानं परत कामाला लागायची. सुरुवातीला मी घाबरले. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचीच जास्त भीती वाटली.

आत्या शहराच्या सांडपाणी खात्यात कंट्रोल रूमला आहे. एकोणतीस वर्षं झाली. मला तिनंच वाढवलं. मी शिकून त्याच खात्यात प्रोग्राम लिहायला लागले, तेव्हा तिनं सगळ्या शिफ्टला चहा पाजला. तिथे मला 'इंजिनीअरबाई' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मी लावत बसत नाही.

काम समजायला सोपं आहे. रस्त्यांखाली मोठे चेंबर आहेत, त्यांत पंप आहेत. चेंबरमध्ये कधीकधी विषारी गॅस साचतो. म्हणून तिथे सेन्सर बसवलेले असतात आणि त्यांची खबर कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसते. हिरवी ओळ म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. माणूस खाली उतरण्याआधी फोन करून विचारतो, कंट्रोल रूममधली बाई भिंतीकडे बघते आणि सांगते. तिथला एक जुना नियम आहे: भिंतीवर दिसलं ते डायरीत जातं. भिंतीवर नाही ते घडलंच नाही.

पूर्वी भिंतीवर काय दाखवायचं त्याची यादी हातानं लिहावी लागे. कुणी नवा सेन्सर बसवला की अर्ज, सही, शिक्का, आणि महिन्याभरानं ती ओळ उगवायची. मी आल्यावर ते बदललं. मी एक प्रोग्राम लावला, जो दर पाच मिनिटांनी सगळ्या नेटवर्कवर फिरून हाक मारतो, कोण कोण आहे इथे? जो 'मी आहे' म्हणेल तो सापडला. सापडलेल्याला मग दर पंधरा सेकंदांनी विचारायचं, कसं काय चाललंय? आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो.

पहिल्या दिवशी पहारेकऱ्यानं पाचशे वस्तू शोधल्या. त्यांत प्रिंटर होते, कॅन्टीनमधलं घड्याळ होतं, कुणाचा तरी लॅपटॉप होता. भिंत भरून वाहायला लागली. शिफ्टचे साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "इंजिनीअरबाई, ज्यांना आईबाप नाहीत ती पोरं माझ्या भिंतीवर नकोत."

मला पसारा मुळातच सोसत नाही. घरातले डबे मी उंचीप्रमाणे लावते. आत्या म्हणते, हिच्या हाती दिलं तर ही चांदण्याही रांगेत बसवेल. तर मी आईबाप शोधले. प्रत्येक यंत्र बसवताना त्याच्यातच एक छोटा फॉर्म भरतात, त्यात 'जबाबदार कोण' असा रकाना आहे. मी एका ओळीचा नियम लिहिला: त्या रकान्यातलं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत असेल तरच ठेव, नाहीतर वगळ. पाचशेचे दोनशे उरले. भिंत स्वच्छ झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्या रकान्याची गंमत मला माहीत होती. ज्याचं नाव असेल त्याला वेळी-अवेळी फोन जातो, म्हणून आमचे कायम नोकरीतले लोक तिथे बेधडक साहेबांचं नाव टाकून मोकळे होतात. साहेब यादीत आहेत, त्यामुळे त्या सगळ्या ओळी सुखानं भिंतीवर आल्या. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, अशातला प्रकार. पण चालत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी फिटरकाका गेले.

फिटरकाका सतरा वर्षं आमच्या खात्याचं काम करत होते, कंत्राटावर. मला लहानपणापासून ओळखायचे. आत्याची शिफ्ट असली की सायकलवरून शाळेत सोडायचे आणि वाटेत पाढे म्हणायला लावायचे. त्या दिवशी ते नऊ नंबरच्या चेंबरपाशी गेले, अकरा वीसला कंट्रोल रूमला फोन केला आणि विचारलं, "ताई, नऊ कसं आहे?"

आत्यानं भिंत पाहिली. म्हणाली, "सगळं हिरवं आहे. उतरा."

ते उतरले आणि वर आले नाहीत.

चौकशीचा कागद तीन पानांचा होता. त्यात लिहिलं होतं की नऊ नंबरला सेन्सर नाही, आणि मृत व्यक्ती कुणालाही न विचारता, कुठलीही काळजी न घेता, स्वतःच्या मनानं खाली उतरली. साहेबांनी आत्याला बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. फोनचं कुणी विचारलंच नाही. ती बाहेर आली ती गप्प, आणि घरी आल्यावर फक्त मला सांगितलं.

"त्यानं दोन आठवड्यांपूर्वी मला कळवलं होतं, ताई, नऊला सेन्सर बसवलाय, आता तुम्हाला दिसेल. मी नऊ बघितलं, चिमे. आठ आणि दहाच्या मध्ये होतं. हिरवं होतं."

"आत्या, तिथे सेन्सरच नव्हता. मग तुला दिसेल कसा?"

"तो खोटं बोलेल?"

"बसवला असता तर माझ्या प्रोग्रामला सापडला असता," मी म्हणाले. किती ठामपणे म्हणाले, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तेव्हापासून आत्यानं तीन वेळा डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. ते ऐकून ती आणखीच खचली. डोळे उत्तम असतील, तर लाल ओळ हिरवी दिसली कशी? कंट्रोल रूममध्ये ती रोज अकरा वीसला उठून भिंतीजवळ जायची आणि बोट ठेवून मोजायची. बाकीचे नजर वळवायचे. एकानं मला हळूच विचारलं, "ताईंना कुणाला दाखवलंत का?" मी त्याला झटकून टाकलं. पण एकदा मी तिच्या मागे उभी असताना तिची मान तिरकी झाली, आणि मला वाटलं, मीही काहीतरी ऐकते आहे. ऐकायला काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज होता.

आत्याची निवृत्ती महिन्याच्या अखेरीस होती. त्याच महिन्यात वरून आदेश आला. पहारेकरी काय काय शोधतो, त्यातलं काय भिंतीवर येतं, काय वगळलं जातं आणि का, हे कंट्रोल रूममधल्या लोकांना स्वतः बघता आलं पाहिजे. त्यासाठी एक पान तयार करा. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या पोटातलं सगळं ओठांवर आणायचंय, इंजिनीअरबाई. शुक्रवारी दाखवा."

काम फार नव्हतं. प्रत्येक सापडलेल्या वस्तूची एक ओळ: काय आहे, कधी सापडली, जबाबदार कोण, ठेवली की वगळली, कुठल्या नियमानं, नियम कुणी लिहिला, शेवटचं काय उत्तर आलं. सोमवारी दुपारी पान उघडलं. सापडलेल्या सहाशे बारा. ठेवलेल्या दोनशे बारा. वगळलेल्या चारशे. मी वगळलेल्यांची यादी चाळायला लागले, हसतही होते. कॅन्टीनचं घड्याळ होतं. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या माणसाचा प्रिंटर अजून 'मी आहे' म्हणत होता. मग तीनशे सत्तेचाळिसावी ओळ आली.

चेंबर नऊ, गॅस. सापडल्याची तारीख, फिटरकाका गेले त्याच्या बारा दिवस आधीची. जबाबदार: तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. वगळलं. कारण: जबाबदार व्यक्ती कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही. नियम कुणी लिहिला: मी.

शेवटचं उत्तर: कधीच विचारलं नाही.

त्या खात्यात साहेबांच्या नावाआड न लपता स्वतःचं नाव घालणारा एकच माणूस होता, आणि तो कंत्राटी होता. म्हणून माझ्या नियमानं तो वगळला. पहारेकऱ्यानं सेन्सर शोधला, पण मी सांगितलं होतं म्हणून त्याला एकदाही काही विचारलं नाही.

ओळीच्या शेवटी एक आकडा सारखा बदलत होता. शेवटचं दिसलं: चार सेकंदांपूर्वी. मग नऊ. मग बारा. पाच मिनिटांपर्यंत चढायचा आणि परत शून्यावर यायचा. म्हणजे ते यंत्र त्या बंद चेंबरमध्ये अजून जिवंत होतं आणि प्रत्येक हाकेला ओ देत होतं. मी मनात गुणाकार केला. आठ महिन्यांत सत्तर हजार वेळा. एवढ्या वेळा कुणी 'मी आहे' म्हटलं, तर दगडालाही मान वळवावीशी वाटेल. मी लॅपटॉप मिटला. 

मंगळवारी दुपारी मी नऊ नंबरला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. बहुधा ते यंत्र खोटं असावं, अशी आशा होती. साधा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानं. चेंबरचं झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद केलंय आणि त्यावर लोक स्कूटर लावतात. शेजारच्या खांबावर एक करडी पेटी होती. तिच्यातून निघालेली वायर फुटपाथच्या फटीतून खाली गेली होती. पेटीवर एक बारीक दिवा लागलेला होता. भर उन्हातही तो दिसत होता.

समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता.

"खात्यातून आलात?"

"हो. ही पेटी कुणाची, माहीत आहे?"

"जो गेला ना खाली, त्यानंच लावली. स्टूल माझंच नेलं होतं. झाकण बंद करायला तुमची माणसं आली, तेव्हा मी विचारलं, ही पेटी? ते म्हणाले, आमच्या कागदात नाही, हात लावणार नाही." तो दोरा दातानं तोडून पुढे म्हणाला, "लोक म्हणतात, न विचारता उतरला. इथे उभा राहून फोनवर बोलला तो. 'बरं, ताई,' म्हणाला. मग चपला काढल्या आणि उतरला. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही."

त्यानं सहज बोट दाखवलं, खांबाच्या बुंध्याशी. "चपला तिथेच होत्या दोन दिवस." तिथे आता काही नव्हतं. तरी मी त्या जागेवर पाय पडू दिला नाही.

मी सरळ घरी जाऊन आत्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटेत कारणं सुचत गेली, आणि मला कारणं छान सुचतात. आता सांगून माणूस परत येणार आहे का? आत्या पंधरा दिवसांत निवृत्त होईल, मग हळूहळू विसरेल. माझी नोकरी जाईल, मग घर कोण बघेल? खरं कारण एकच होतं. तो माणूस आत्याच्या कानात बोलत होता तोवर माझ्या कानात बोलत नव्हता.

बुधवारी मी पानात एक छोटी सुधारणा केली. वगळलेल्यांची यादी फक्त पहिल्या तीनशेपर्यंत दाखवायची. कारण लिहिलं: पान जड होतं. हे खोटंही नव्हतं, अशा मर्यादा सगळेच घालतात. ओळी सापडल्याच्या क्रमानं लागत होत्या आणि नऊ नंबर तीनशे सत्तेचाळीस होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंट्रोल रूममध्ये मी एकटीच बसले होते. टेबलावरचा फोन वाजला आणि माझ्या हातातून पेन पडलं. उचलला, तर चहावाला होता, किती कप पाठवू विचारत होता. मी त्याला म्हणाले, "थांबा, बघते." माझ्याच तोंडून ते शब्द ऐकले आणि मी घाईनं फोन ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

गुरुवारी संध्याकाळी आत्यानं जेवणाच्या टेबलावर एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"चिमे, हे जरा नीट करून दे. तुझी भाषा चांगली आहे."

साहेबांच्या नावे पत्र होतं. त्या दिवशी फिटरनं मला फोन करून विचारलं होतं. नऊ नंबरची ओळ लाल असताना मी ती हिरवी वाचली. माझ्या पाहण्यातल्या चुकीमुळे त्यांचा जीव गेला. निवृत्त होण्याआधी हे कबूल करून ठेवते, म्हणजे त्यांच्यावरचा आळ निघेल.

"कधी देणार आहेस?"

"सोमवारी. त्याच्या बायकोला आधी सांगून येईन." ती माझ्या ताटात भात वाढत होती. "मला हलकं वाटतंय गं. आज तो फोनवर होता तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, आता चारच दिवस थांब."

मी पेन घेतलं. 'पाहण्यातल्या'च्या जागी 'निरीक्षणातील' केलं. 'आळ'च्या जागी 'दोष' केलं. कागद परत दिला आणि जेवले. माझ्यासारखी नीच मीच, असं मला वाटलं, आणि वाटूनही मी दुसऱ्यांदा भात घेतला.

शुक्रवारी बाराच्या सुमारास कंट्रोल रूममध्ये पान दाखवायला सगळे जमले. साहेब, डायरी लिहिणारा, दोघं ऑपरेटर आणि आत्या. मी भिंतीवर पान लावलं. लोकांना मजा वाटली. कॅन्टीनचं घड्याळ निघाल्यावर डायरीवाला म्हणाला, "याला लाल करा, रोज दहा मिनिटं मागे असतं." साहेब खूष होते. मी एकेक रकाना समजावत होते आणि आत्या चष्मा सावरून शेवटपर्यंत सगळं वाचत होती. एकोणतीस वर्षं भिंत वाचणारी बाई ती.

"वर लिहिलंय वगळलेल्या चारशे," ती म्हणाली. "खाली तीनशेच आहेत. उरलेल्या शंभर कुठे गेल्या?"

"पान जड होतं, आत्या. म्हणून मर्यादा घातली."

"बघणारे आम्ही. जड झालं तर आम्ही सांगू ना." ती चिडली नव्हती, समजून घ्यायला विचारत होती. "नाहीतर मग हे पान कशाला केलं?"

माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. मी सहज म्हणू शकले असते, बघते नंतर. साहेबांनी मान डोलावली असती आणि सोमवारी आत्यानं ते पत्र दिलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत तिचे गाल बसले होते आणि माझ्या ते आत्ता लक्षात येत होतं. मी मर्यादा काढली. पान खाली सरकत गेलं. नऊ नंबरची ओळ आली तिथे मी थांबले आणि हात मांडीवर ठेवले.

आत्यानं मोठ्यानं वाचलं. तारीख. फिटरकाकांचं पूर्ण नाव. कारण. माझं नाव. "शेवटचं उत्तर, कधीच विचारलं नाही." मग पुन्हा मनात वाचलं असावं, कारण ओठ हलत होते.

"म्हणजे माझ्या भिंतीवर तो नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता. तुझे डोळे चुकले नाहीत. सात, आठ, दहा असंच होतं. सगळं हिरवं होतं, म्हणून तुला मधलंही हिरवं वाटलं."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार." तिनं चष्मा काढला. "काल माझं पत्र तपासलंस."

"हो."

"दोन शब्द बदललेस."

मी मान खाली घातली. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती भिंतीकडेच बघत होती.

"आता विचार त्याला," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मग कधी?"

मी नऊ नंबरपुरता नियम उठवला. त्याला जेमतेम अर्धा मिनिट लागतं. पहारेकऱ्यानं फेरी मारली आणि भिंतीवर आठ आणि दहाच्या मध्ये एक करडी ओळ उगवली. पंधरा सेकंद सगळे उभे राहिले. मग ती लाल झाली. खाली गॅस होता, आणि ते यंत्र पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतं.

"हे आत्ताच डायरीत घेऊ नका," साहेब घाईनं म्हणाले. "आधी मी वर बोलतो."

"भिंतीवर दिसलं ते डायरीत जातं, साहेब," डायरीवाला म्हणाला. त्यानं वेळ आधीच लिहिली होती.

शनिवारी सकाळी आत्या आणि मी फिटरकाकांच्या घरी गेलो. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढेच चालत होती. तिच्या पर्समध्ये त्या ओळीची छापील प्रत होती. दोन खोल्यांचं घर. फिटरकाकांची बायको जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे खोके जुळवत होती, दुकानाचं काम. मागे कपाटावर फोटोची एक चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

माझी नजर तिकडे गेलेली तिनं पाहिली. "मी बोलत नाही त्यांच्याशी," ती म्हणाली. "घरात दोन पोरं असताना माणसानं न विचारता असं खाली उतरायचं? आठ महिने झाले. येऊन उभे राहतात, मी तोंड फिरवते."

आत्या खोक्यांमध्येच खाली बसली. "त्यांनी विचारलं होतं. मलाच विचारलं होतं. मी उतरा म्हटलं, म्हणून उतरले. चौकशीत मी बोलले नाही." मग तिनं कागद पुढे केला.

बाईनं हात पुसून तो घेतला आणि बोट ठेवून वाचला. एका जागी बोट थांबलं. "जबाबदार. हे त्यांनी स्वतः लिहिलं?"

"हो," मी म्हणाले. "बाकी कुणी स्वतःचं नाव लिहीत नाही."

"सतरा वर्षांत कुठल्या सरकारी कागदावर नाव लागलं नव्हतं त्यांचं." ती ते नाव परत परत वाचत होती, आणि क्षणभर तिचा चेहरा चक्क खुलला. मला ते बघवेना. मग बोट पुढे सरकलं. "यादीत नाही म्हणून वगळलं. कुणी वगळलं?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. 

"मी," मी म्हणाले. "तो नियम माझा. पान झाल्यावर दिसलं, तरी चार दिवस लपवलं, तेही मीच."

"तू ताईंची भाची ना? शाळेत सोडायचे तुला."

"हो."

"मग तुला माहीत होतं की त्यांचं नाव."

"माहीत होतं."

तिनं कागदाची नीट घडी घातली. मला वाटलं, ती आता ओरडेल, आणि मी त्याची वाट बघत होते. ती उठली, कपाटावरची चौकट घेतली, तळहातानं काचेवरची धूळ पुसली आणि फोटो खोलीकडे तोंड करून ठेवला.

"तुम्ही दोघी आता निघा," ती म्हणाली. "मला यांच्याशी बोलायचंय."

आम्ही बाहेर आलो. तिनं दार आतून लावून घेतलं.